वाट मुरू द्यावी लागते

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात वेल पास नावाची खिंड आहे. उंची 10,662 फूट, म्हणजे सुमारे 3,250 मीटर. आय-70 हा महामार्ग याच खिंडीतून जातो. हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी इथल्या वाहनतळावर दोन जातींची माणसं उतरतात. एक जण गाडीच्या टपावरून स्की, म्हणजे बर्फावरून घसरत जायच्या लांब पट्ट्या, काढतो, तर शेजारचा ट्रेलरवरून अडीच-तीनशे किलोची स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर धावणारं इंजिनाचं वाहन, उतरवतो. पुढे श्राइन पासकडे जाणारा रस्ता दोघांनाही एकच. उन्हाळ्यात तो मातीचा असतो, हिवाळ्यात बर्फ चोपून केलेला. आसपासचा सुमारे 55,000 एकरांचा मुलूख अमेरिकेचं वनखातं हिवाळी क्रीडाक्षेत्र म्हणून सांभाळतं. काही उतार फक्त पायी आणि स्कीवर फिरणाऱ्यांसाठी राखून ठेवलेत, काही ठिकाणी यंत्रांना मुभा आहे, आणि मधल्या वाटा दोघांच्या.

या वाटांवरची कुरबुर जुनी आहे. स्कीवाला म्हणतो, ही यंत्रं वाट नासवतात. स्नोमोबाइलवाला म्हणतो, वाट चोपायचे पैसे कुठून येतात ते विचारा! त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत या कामाचा मोठा खर्च स्नोमोबाइलच्या नोंदणी शुल्कातून आणि इंधनकरातून निघतो. पण वाट नेमकी नासते कशाने, हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे, आणि उत्तर वाटतं तितकं सोपं नाही.

आधी वजनाचा हिशोब करू. यंत्र आणि चालक मिळून 350 किलो धरू. खालचा रबरी पट्टा आणि पुढच्या दोन स्की मिळून साधारण 7,000 चौरस सेंटीमीटर जागेवर टेकतात. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला भार पडतो 50 ग्रॅमच्या आसपास. आता 80 किलोचा स्कीवाला घ्या. लांब, अरुंद स्कीची जोडी सुमारे 1,900 चौरस सेंटीमीटर भरते. भार 42 ग्रॅम. दोघांत फारसा फरकच नाही! खरा गुन्हेगार बूट घालून पायी चालणारा. एका बुटावर सगळं वजन आलं की भार 300 ग्रॅमच्या पुढे जातो, म्हणून पायी गेलेल्या माणसामागे खड्ड्यांची रांग उरते. या वाटांवर स्नोमोबाइलवाले आणि स्कीवाले एकमताने शिव्या घालतात त्या यालाच.

मग यंत्राने वाट बिघडते ती वजनाने नव्हे, ओढीने. पट्ट्यावरचे रबरी दात बर्फाला मागे खरवडतात. वेग घेताना आणि ब्रेक लावताना तर जास्तच. अशी शंभर यंत्रं गेली की वाटेवर गुडघाभर खोल लाटा उठतात. कच्च्या रस्त्यावरून एसटीने गेलेल्यांना हा प्रकार ठाऊक आहे: ठराविक अंतरावर आडव्या वळ्या आणि खिळखिळी होणारी कंबर. निकोलास ताबेर्ले, स्टीफन मॉरिस आणि जिम मॅकएलवेन यांनी 2007 मध्ये फिरत्या टेबलावर वाळू पसरून, तिच्यावर चाक फिरवून या वळ्या प्रयोगशाळेत उठवून दाखवल्या. एका ठराविक वेगाखाली वाळू सपाट राहते; तो ओलांडला की वळ्या आपोआप उठतात. बर्फावरच्या लाटा त्याच जातकुळीतल्या. एकदा उंचवटा झाला की यंत्र त्यावरून उडतं, पलीकडे आदळतं आणि खड्डा आणखी खोल करतं.

संध्याकाळनंतर ग्रूमर निघतो. रुंद पट्ट्यांवर चालणारं हे अवजड वाहन मागे एक लांब सांगाडा ओढतं. सांगाड्यातल्या पात्यांच्या रांगा लाटा कापतात, कापलेला बर्फ घुसळतात, आणि सगळ्यात मागचा सपाट तवा तो दाबत नेतो. पाती लाटेच्या तळापर्यंत पोचायला हवीत. नुसतेच खड्डे भरले तर खाली टणक उंचवटे आणि मध्ये मऊ भर अशी स्थिती राहते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लाटा जिथल्या तिथे परत येतात. खड्ड्यात मुरूम टाकून रस्ता दुरुस्त झाला असं समजणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण ग्रूमर गेला म्हणून वाट तयार झाली असं नाही. आपल्याकडे मळणीआधी खळं करतात. पाणी मारायचं, चोपायचं, सारवायचं आणि मग सुकू द्यायचं. ओल्या खळ्यावर बैल घातले तर सगळी मेहनत वाया. बर्फाच्या वाटेचंही तसंच, फक्त इथे सुकणं नाही, मुरणं असतं.

ताज्या भुसभुशीत बर्फाचं वजन एका घनमीटरला 50 ते 100 किलो भरतं, चोपलेल्या वाटेचं 400 ते 500. घट्ट बर्फाची लादी 917 किलोची, म्हणजे चोपलेल्या वाटेतही निम्मी जागा हवेचीच. असं असून ती यंत्राचा भार पेलते, कारण कण एकमेकांना चिकटलेले असतात. गोळेवाला किसलेला बर्फ मुठीत दाबतो आणि काडीवर गोळा टिकतो, तो याच गुणामुळे. मायकेल फॅरडेने 1850 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानात याकडे लक्ष वेधलं होतं: वितळण्याच्या बेतात असलेले बर्फाचे दोन तुकडे नुसते टेकवले तरी सांधले जातात. शून्याच्या खाली पाणी दिसत नसतानाही सांधण्याचं काम चालूच असतं. कणाच्या फुगीर भागावरून रेणू सहज सुटतात आणि दोन कण जिथे टेकतात तिथल्या खोबणीत जाऊन बसतात. खोबणी भरत जाते, दोन कणांमध्ये बर्फाची मान तयार होते आणि ती जाड होत जाते. शास्त्रज्ञ याला सिंटरिंग म्हणतात. ग्रूमर घुसळतो ते यासाठीच. हिमकणांच्या नाजूक फांद्या मोडल्या की बारीक, गोलसर दाणे उरतात, ते दाटीने बसतात आणि टेकण्याच्या जागा अनेक पटींनी वाढतात.

ही मान जाड व्हायला वेळ लागतो. किमान दोन-चार तास, शक्यतो पूर्ण रात्र. थंडी फार कडक असेल तर काम रेंगाळतं; बर्फ ओला असेल तर वाट मुरण्याऐवजी गोठते आणि सकाळी आरसा होते. मुरत असताना कुणी वरून गेलं की माना तुटतात आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. ताज्या ग्रूमिंगवर पहिला नंबर लावायला रात्रीच निघणारा स्नोमोबाइलवाला सगळ्यांचं, स्वतःच्याही दुसऱ्या दिवसाचं, नुकसान करतो. माझ्या मते भांडणाचा निम्मा भाग इथेच मिटण्यासारखा आहे. वाटेवरून कोण जातो यापेक्षा कधी जातो, याने वाटेला जास्त फरक पडतो.

उरलेला निम्मा मात्र माणसांचा आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या स्कीवाल्या आणि स्नोमोबाइलवाल्यांवर नॉप आणि टायगर या संशोधकांनी 1973 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, कॅनडाच्या अल्बर्टात जॅक्सन आणि वाँग यांनी 1982 मध्ये. चित्र एकतर्फीच निघालं. स्कीवाल्याला यंत्राचा त्रास होतो, यंत्रवाल्याला स्कीवाल्याचा फारसा होत नाही. जेकब आणि श्रायर यांनी 1980 मध्ये यामागचा विचार मांडला: मी इथे जे मिळवायला आलो त्याच्या आड दुसऱ्याचं वागणं येतं, तेव्हा संघर्ष होतो. शांतता हवी असणाऱ्याच्या आड इंजिन येतं. वेग हवा असणाऱ्याच्या आड एक स्कीवाला येतो तो क्षणभरच.

आणि इंजिन दूरवरून येतं. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्रीनंतर दरीत थंड हवा साचते आणि वर उबदार थर राहतो. थंड हवेत आवाज सावकाश चालतो, त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि दरीभर पसरतो. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाने यातून बराच धडा घेतला. तिथे 1963 पासून स्नोमोबाइलना प्रवेश होता. जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनातून इंधनाचा चौथा हिस्सा न जळताच बाहेर पडायचा. त्या धुरामुळे प्रवेशद्वारावरच्या कर्मचाऱ्यांच्या छोट्या केबिनमध्ये बाहेरून ताजी हवा पंपाने सोडावी लागली होती. कोर्टकज्ज्यांनंतर 2013 च्या नियमावलीने दिवसाकाठी 110 फेऱ्यांची मर्यादा घातली. एक फेरी म्हणजे वाटाड्यासह स्नोमोबाइलचा एक गट किंवा एक स्नोकोच, म्हणजे बर्फावर चालणारी बस. आवाजाची अट अशी: ताशी 35 मैलांना 67 डेसिबलपर्यंत.

ज्याच्यावर एवढा राग, ते यंत्र जन्मलं मात्र वेगळ्याच गरजेतून. कॅनडाच्या क्यूबेकमधल्या व्हालकूर गावच्या जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिएचा दोन वर्षांचा मुलगा 1934 च्या हिवाळ्यात दगावला. रस्ते बर्फाने बंद होते, दवाखाना गाठता आला नाही. 1937 मध्ये त्याने बर्फावर चालणाऱ्या सात जणांच्या गाडीसाठी पेटंट मिळवलं. एक-दोन माणसांची हलकी स्की-डू आली 1959 मध्ये, आणि ती मात्र मौजेची वस्तू ठरली. सोलंग-गुलमर्गला आपले पर्यटक ज्यावर बसून फोटो काढतात, ती तिचीच भावंडं.

मुक्या रहिवाशांचंही ऐकायला हवं. मोकळा बर्फ गोधडीसारखा असतो. त्याच्या तळाशी उंदीर-चिचुंद्र्या हिवाळा काढतात. चोपलेल्या बर्फातून उष्णता कैक पटींनी जास्त निसटते आणि तळाची पोकळीही दबते. कायोटी या लांडग्याच्या लहान भाऊबंदांबद्दल मात्र दोन ठिकाणी दोन उत्तरं मिळाली. युटाच्या मऊ, खोल बर्फात ते यंत्रांच्या वाटा धरून रुंद पंजांच्या लिंक्स या रानमांजराच्या राज्यात शिरताना दिसले. मॉन्टानात त्यांना या वाटांची फारशी गरज नव्हती. एका खोऱ्याचा नियम दुसऱ्यात जसाच्या तसा लावता येत नाही, तो यामुळे.

वाटेवर दोघं समोरासमोर येतात तेव्हा भौतिकशास्त्र पुन्हा हजर होतं. ताशी 56 किलोमीटर वेगाने येणाऱ्या यंत्राला, बर्फावर घर्षणांक 0.3 धरला, तर थांबायला 40 मीटर लागतात. शिवाय चालकाने दचकून ब्रेक दाबेपर्यंत आणखी 15. हेल्मेट आणि इंजिनाच्या आवाजात त्याला स्कीवाल्याची हाक ऐकू येत नाही. म्हणून इथे खुणेची भाषा चालते. समोरून येणारा स्नोमोबाइलवाला बोटं वर करतो: तीन बोटं म्हणजे मागे अजून तिघं आहेत. प्रत्येक जण एक बोट कमी करत जातो. शेवटचा मूठ दाखवतो, आणि मग कडेला उभा राहिलेला स्कीवाला पुन्हा वाटेवर येतो.