सातबाऱ्यावरची दोन टिंबं

जमिनीचं क्षेत्र कसं वाचावं : आमच्या ग्राहकांसाठी

खरेदीखत, वाटणीपत्र किंवा वारसनोंदीच्या कामाला येणारी मंडळी सातबारा टेबलावर ठेवतात आणि पहिलं विचारतात, "हे एकरात किती झालं?" सांगतो. पण आधी कागदावर जे छापलंय ते वाचू.

गाव नमुना सातवर शेतजमिनीचं क्षेत्र हे.आर.चौ.मी. असं तीन घरांत असतं. १.०५.६० म्हणजे १ हेक्टर, ५ आर, ६० चौरस मीटर. १०० चौरस मीटरचा १ आर, १०० आरचा १ हेक्टर. रुपये-पैशांसारखंच, फक्त एक घर जास्त.

दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तुकडा म्हणजे एक आर. तोच शंभर बाय शंभर केला की हेक्टर. बाजू दहापट वाढली की क्षेत्र शंभरपट वाढतं, म्हणून प्रत्येक घराला दोन आकडे लागतात. "शंभर चौरस मीटर" आणि "शंभर मीटर चौरस" यांत एका आरचा आणि एका हेक्टरचा फरक आहे, बोलताना जपून.

चौरस मीटरवरून हेक्टरकडे यायचं तर उजवीकडून दोन-दोन आकडे तोडा. ७८२५ चौ.मी. : २५ चौ.मी., ७८ आर, हेक्टर शून्य. लिहा ०.७८.२५. उलट जायचं तर टिंबं पुसा, ७८२५ तयार. गावाच्या किंवा तालुक्याच्या आकड्यांत भेटणारा चौरस किलोमीटर म्हणजे १०० हेक्टर.

कॅल्क्युलेटरला दोन टिंबं चालत नाहीत, आणि घोळ तिथेच होतो. मागच्या उन्हाळ्यात तीन भाऊ वाटणीला आले होते. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर क्षेत्र होतं १.५.६०. थोरल्याने मोबाईलवर १.५६० टाकून तीनाने भागलं, प्रत्येकी ५२ आर! धाकटा खूश. पण पाचाच्या आधीचं शून्य लिहिणाऱ्याने गाळलं होतं. खरं क्षेत्र १.०५.६०, म्हणजे १०,५६० चौ.मी., आणि वाटा प्रत्येकी ३५ आर २० चौ.मी. सव्वा एकर जमीन त्या एका शून्यात होती. म्हणून आमचा नियम असा : आर आणि चौ.मी. दोन आकडीच लिहायचे, आणि हिशोब कायम चौरस मीटरमध्ये करायचा. याच कारणाने ०.४ हेक्टर म्हणजे ४ नव्हे, ४० आर. ४ आर असतील तर ०.०४.

आता एकर. गुंठा आला ३३ फुटांच्या साखळीवरून : ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट, मीटरमध्ये १०१.१७ चौ.मी. आर आणि गुंठा "एकच" म्हणायची पद्धत आहे, गप्पांत ठीक. खरेदीखतात नको. ४० गुंठ्यांचा एकर ४० आरपेक्षा जवळजवळ ४७ चौ.मी. मोठा, म्हणजे ५०० चौरस फुटांचा फरक. गावठाणालगतच्या जागेत तेवढ्यात घर बसतं! एक एकर नेमका ०.४०.४७ भरतो, आणि हेक्टर म्हणजे २.४७ एकर, पण २ एकर ४७ गुंठे नाही, तर २ एकर पावणेएकोणीस गुंठ्यांच्या थोडा वर. (एकरातही तीच चूक होते : अडीच एकर म्हणजे २ एकर २० गुंठे, २ एकर ५० नव्हे.)

दर ठरवताना एजंटला विचारा, गुंठ्याचा की आरचा. बिनशेती सातबाऱ्यावर आर आणि चौ.मी. अशी दोनच घरं असतात, तिथे पहिला आकडा हेक्टर समजू नका. शेतजमिनीत पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, वेगळा दाखवलेला असतो, एकूण क्षेत्रात तो धरूनच बेरीज येते का, ते पाहा.

आम्ही करून देतो तो कागदावरचा हिशोब. बांध नेमका कुठे, हे भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच ठरवते. येताना चालू सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि जुना उतारा असेल तर तोही आणा, हस्ताक्षर कितीही वाईट असलं तरी.