हवेतली भरती आणि चंद्राचा माग

चंद्र समुद्राला ओढतो, तर समुद्रावरच्या हवेला कसा सोडेल? न्यूटन यांचा सिद्धांत १६८७ मध्ये आल्यावर हा प्रश्न टळणारा नव्हता. १७४६ च्या बक्षिसासाठी बर्लिनच्या अकादमीने वाऱ्यांच्या कारणांवर निबंध मागवले. फ्रेंच गणिती द'अलाँबेर यांनी सूर्य-चंद्राच्या ओढीने वारे कसे वाहतील याचे गणित मांडले आणि बक्षीस मिळवले. गणित देखणे होते, पण वारे मुख्यतः उष्णतेने वाहतात आणि तिला त्यात जागा नव्हती.

खरी कसोटी फ्रेंच गणिती लाप्लास यांनी घेतली. १८२० च्या दशकात पॅरिस वेधशाळेतल्या सुमारे आठ वर्षांच्या वायुभाराच्या नोंदी त्यांनी चाळल्या. चंद्राची हवेतली भरती, म्हणजे वायुभाराचा हलका चढउतार, दर १२ तास २५ मिनिटांनी येते. वादळ आले-गेले की वायुभारमापकातला पारा वीस-तीस मिलिमीटर वरखाली होतो, आणि त्या गदारोळात शोधायची होती मिलिमीटरच्या काही शतांशांची हालचाल. एक आकडा हाती लागलाही. पण संभाव्यतेचा हिशेब करून लाप्लास यांनीच सांगितले की एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, नोंदी आणखी पुष्कळ हव्यात. हवा होता तो आकडा मिळूनही त्यांनी तो मानला नाही. या साऱ्या इतिहासात मला हे सर्वांत मोलाचे वाटते.

उत्तर मिळाले उष्ण कटिबंधात. तिथे रोजचा वायुभार शांत असतो आणि चंद्राची हवेतली भरतीही मोठी. सेंट हेलेना बेटावरच्या ब्रिटिश वेधशाळेच्या नोंदींवरून सॅबिन यांनी १८४७ मध्ये ती दाखवून दिली. पाऱ्यातला एकूण फरक साधारण एक दशांश मिलिमीटर. ग्रीनिचसारख्या वादळी हवेच्या ठिकाणी तीच भरती हुडकायला १९१८ उजाडले. सिडनी चॅपमन यांनी ६४ वर्षांच्या ताशी नोंदींतून फक्त शांत दिवस निवडले, तेव्हा कुठे ती सापडली.

कोडे मात्र वाढले. समुद्रात चंद्राची भरती सूर्याच्या दुपटीहून मोठी, हवेत नेमके उलटे. मुंबईतही वायुभार सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, तो सूर्यामुळे, आणि ही लहर चंद्राच्या लहरीच्या कितीतरी पट असते. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिला की झोका वाढतो, तसा वातावरणाचा स्वतःचा हेलकावा सूर्याच्या बारा तासांच्या लहरीशी जुळत असावा, असे केल्व्हिन यांनी १८८२ मध्ये सुचवले. ओझोन आणि बाष्प सूर्याची उष्णता शोषतात, त्यातून ही लहर उठते, हे पटायला १९६० चे दशक यावे लागले.

आपल्या कुलाबा वेधशाळेचा धागा इथेच जुळतो, तो चुंबकसूचीमुळे. सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर हवा विद्युतवाहक असते. चंद्राच्या ओढीने ती हलली की विद्युतप्रवाह उठतात आणि जमिनीवरची सूची किंचित सरकते. कुलाब्याच्या नोंदींतला हा चांद्र फरक चार्ल्स चेम्बर्स यांनी १८८७ मध्ये मांडला.

आणि पाऊस? १९६२ मध्ये अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी मोठ्या पावसाचा चंद्राच्या कलांशी संबंध दाखवला, त्यावर बराच वाद झाला. २०१६ मध्ये कोह्यामा आणि वॉलेस यांनी उपग्रहाच्या नोंदींतून यामागची साखळी उलगडली. चंद्र डोक्यावर आला की हवेचा दाब किंचित वाढतो, हवा किंचित तापते, सापेक्ष आर्द्रता उतरते आणि पाऊस थोडा कमी होतो. हा परिणाम खरा आहे, पण पावसातल्या एकूण चढउतारात त्याचा वाटा सुमारे एक टक्का. अमावास्या-पौर्णिमेला पाऊस हमखास येतो, या समजुतीला त्याचा आधार देता येत नाही. मुंबईत उधाणाच्या वेळी पाणी तुंबते, ते समुद्र चढल्याने नाल्यांतून पाण्याला वाट मिळत नाही म्हणून.