बॉनेटखालची गरम हवा

मूळ एअर फिल्टरचा प्लास्टिकचा डबा काढायचा आणि त्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवायचा. मग पिकअप वाढतो, ॲव्हरेजही सुधारतं, असं सांगणाऱ्या व्हिडिओंना तोटा नाही. फिल्टर बसवल्यावर इंजिन जोरात घुमतं आणि गाडी जास्त पळते आहे हे कानाला पटतं. फक्त कानाला.

इंजिनाला हवा प्रचंड लागते, हे खरं. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा, म्हणजे लिटरमागे नऊ हजार लिटरहून जास्त. पण स्वच्छ कागदी फिल्टर या हवेला फारसा अडवत नाही. शहरात सावकाश चालवताना खरी अडवणूक थ्रॉटलची, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडणारी, झडप करते. तिच्या पलीकडे दाब बाहेरच्या निम्म्यापर्यंत उतरतो. नळ अर्धवट बंद ठेवून टाकीचा पाइप रुंद केला, तर धार कशी वाढणार? अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्या तपासल्या. तुंबलेला फिल्टर बदलूनही ॲव्हरेज वाढलं नाही. पिकअप तेवढा सुधारला, आणि तोही तुंबलेल्याच्या तुलनेत.

खरी गंमत तापमानात आहे. मूळ डब्याची नळी बहुतेकदा ग्रिलजवळून बाहेरची हवा घेते. उघडा फिल्टर बॉनेटखालची हवा ओढतो, आणि ट्रॅफिकमध्ये ती ६० अंशांवर सहज जाते. शाळेतला वायूचा नियम लावा: ३० अंश म्हणजे ३०३ केल्विन, ६० म्हणजे ३३३. दाब तोच असेल तर तेवढ्याच जागेत सुमारे नऊ टक्के कमी ऑक्सिजन! हवा पुढे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांमध्येही तापतेच, म्हणून सगळा फटका चाकांपर्यंत पोचत नाही. पण गरम मिश्रण ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यात आपोआप भडकू पाहतं. हेच नॉकिंग. ते टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी काही अंश उशिरा टाकतो (हे अंश तापमानाचे नाहीत, क्रँकशाफ्टच्या फिरण्याचे). सिलिंडरमधला दाब पिस्टन वरच्या टोकावरून निघाल्यावर साधारण १०-१५ अंशांत शिखरावर असावा; ठिणगीला उशीर झाला की शिखर पुढे सरकतं, बुटकं होतं आणि टॉर्क घटतो. म्हणजे पैसे मोजून आपण इग्निशन बिघडवतो.

तरी हा फिल्टर ॲव्हरेज वाढावं म्हणून पेट्रोलच्या नळीला बांधायच्या लोहचुंबकापेक्षा बरा. बॉनेटला लिंबू-मिरची बांधणाऱ्याला हसणारी मंडळीही ते चुंबक विकत घेतात! पेट्रोलचे रेणू त्याला दाद देत नाहीत.

फिल्टर बदलायचाच असेल, तर डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला (इंजिनाची माहिती वाचायचा प्लग) आधी एक स्वस्त ब्लूटूथ रीडर लावा. मोबाइलवर ‘इनटेक एअर टेम्परेचर’, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान, दिसतं. दुपारी सिग्नलला उभं असताना आणि मोकळ्या हायवेवर ते किती आहे, लिहून ठेवा. मग फिल्टर बसवून तेच आकडे पुन्हा बघा. आकडा चढला, तर जुना डबा परत बसवायला अर्धा तास पुरतो.