सरीतले पाणी आणि मातीचा पापुद्रा

सरीच्या तोंडाशी पाणी मुरत राहते आणि टोकाची रोपे कोरडी राहतात, हे दारे धरणाऱ्या कुणालाही सांगायला नको. पाण्याचा जोर वाढवला तर तोंडाकडची माती धुपते. अमेरिकेतल्या आयडाहोत हे फार मोठ्या क्षेत्रावर घडले. स्नेक नदीवरचे मिल्नर धरण १९०५ मध्ये पुरे झाले आणि ट्विन फॉल्सभोवतीचे माळरान पाटाच्या पाण्याखाली आले. जमीन पोयट्याची, सहज वाहून जाणारी. काही दशकांत शेतांच्या वरच्या अंगाला खालचा चुनखडीचा पांढुरका थर उघडा पडला.

माती बांधून ठेवणारी रसायने तोवर आलीही होती. मोन्सँटोचे ‘क्रिलियम’ १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला गाजले. पण ते नांगरटीच्या सगळ्या थरात मिसळायचे, म्हणजे हेक्टरी शेकडो किलो. साध्या शेतकऱ्याला ते परवडणारे नव्हतेच.

१९७९ मध्ये युटा स्टेट विद्यापीठातल्या स्ट्रिंगहॅम आणि केलर यांनी वेगळी युक्ती मांडली. पाणी सोडायचे, थांबवायचे, पुन्हा सोडायचे. मधल्या वेळात सरीचा तळ बसतो आणि पुढचे पाणी त्यावरून झपाट्याने सरकते.

आयडाहोतल्याच किंबर्लीच्या सरकारी संशोधन केंद्रात लेंट्झ आणि सोज्का यांनी १९९० च्या दशकात पॉलिअ‍ॅक्रिलामाइड हे मातीचे कण एकत्र बांधणारे कृत्रिम रसायन थेट पाण्यात सोडून पाहिले. पाणी सरीतून पुढे सरकत असतानाच, दर दशलक्ष भागांत फक्त १० भाग. अख्ख्या शेताऐवजी सरीच्या तळाचा काही मिलिमीटरचा पापुद्रा सांभाळायचा, एवढाच बदल. माझ्या मते खरी अक्कल इथेच आहे. हेक्टरी एक-दोन किलोत एक पाळी भागू लागली. तीन वर्षांच्या चाचण्यांत वाहून जाणारा गाळ ९४ टक्क्यांनी घटला आणि मुरणारे पाणी सुमारे १५ टक्क्यांनी वाढले. १९९५ पासून हे रसायन बाजारात आले.

गंमत अशी, की पाणी जास्त मुरल्याने ते टोकाला उशिरा पोचते. पण आता धुपीची भीती कमी, म्हणून सुरुवातीला मोठा प्रवाह सोडायचा आणि टोक भिजले की कमी करायचा, असा सल्ला देण्यात आला.

ऋणभारित पॉलिअ‍ॅक्रिलामाइड चिकणमातीच्या कणांना धरते ते कॅल्शियमच्या आधाराने. त्यामुळे सोडियम चढलेल्या आपल्याकडच्या चोपण जमिनीत नुसत्या या भुकटीवर विसंबता येत नाही, आधी कॅल्शियम पुरवणारे जिप्सम आणि निचरा बघावा लागतो.