इराणी हॉटेलं मॅकडोनाल्ड्सनं बंद पाडली?

मुंबईतली इराणी हॉटेलं मॅकडोनाल्ड्स आणि कॉफीच्या साखळी दुकानांनी गिळली, हे वाक्य इतकं फिरलंय की कुणी सालंही तपासत नाही. मॅकडोनाल्ड्स भारतात आलं १९९६ साली, स्टारबक्स २०१२ साली. इराण्यांची ओहोटी त्याच्या बरीच आधीची. गिऱ्हाईक उडुपी हॉटेलांनी ओढलं होतं, काही इराण्यांनी स्वतःच परमिट रूम काढली, मुलं शिकून दुसऱ्या धंद्यात गेली. (धोबी तलावचं १९०४चं कयानी मात्र टिकलं.) भाडं परवडेना म्हणावं, तर यातली बरीच दुकानं पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे मोजून घेतलेल्या, पुढे विकता येणाऱ्या भाडेहक्काची; भाडं नाममात्र. उलट भाडं असं कमी ठेवणाऱ्या महाराष्ट्राच्या १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण बहुराष्ट्रीय कंपन्यांना मिळतच नाही! गल्ला सांभाळायला घरचं कुणी उरलं नाही की पागडी विकणं सोपं, आणि साखळीवाले बहुतेकदा त्यानंतर येतात.