दहा सेकंदांची गैरहजेरी

बाई शुद्धलेखन सांगत असतात: 'सकाळी उठून आजी अंगणात फुलं वेचत होती.' एका मुलाच्या वहीत उतरतं: 'सकाळी उठून आजी होती.' मधले शब्द गायब. खाडाखोड नाही, जागासुद्धा सोडलेली नाही. मूल बाकावरच बसलं होतं, डोळे उघडे होते, पेन्सिल हातात होती. 'लक्ष कुठंय तुझं?' असा ओरडा बसतो आणि वहीत लाल शेरा पडतो.

कधी कधी ते खरंच नुसतं दुर्लक्ष असतं. पण बोलता बोलता, घास हातात असताना, दिवसातून दहा-वीस वेळा, कधी त्याहूनही जास्त, मूल असं थिजत असेल आणि दहाएक सेकंदांनी काही घडलंच नाही अशा थाटात पुढं सुरू होत असेल, तर ती फिट असू शकते. फिट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं हातपाय ताठ होणं, तोंडाला फेस येणं आणि कांदा किंवा चप्पल हुंगवायला धावणारी माणसं येतात. (त्या हुंगवण्याचा काडीचाही उपयोग नसतो.) या फिटमध्ये मूल पडतही नाही. डॉक्टर तिला 'अ‍ॅबसन्स' म्हणतात, म्हणजे गैरहजेरी. साधारण चार ते दहा वर्षांच्या वयात ती सुरू होते.

तपासणी साधी आहे. डोक्याला ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरी टिपणाऱ्या, तारा लावतात, हातात भिरभिरं देतात आणि तीन मिनिटं जोरात फुंकत राहायला सांगतात. भिरभिरं गरगर फिरतं आणि मध्येच मंदावून थांबतं. त्याच क्षणी पडद्यावर मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या रेषा एकदम उसळतात: एक टोक, एक लाट, पुन्हा टोक, पुन्हा लाट, सेकंदाला तीन. काही सेकंदांत रेषा शांत होतात आणि मूल पुन्हा फुंकू लागतं. गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी बॉस्टनमध्ये १९३५ साली ही नक्षी नोंदवली. सेकंदाला तीनचा हा ठेका कोण धरतं, हे कळायला मात्र पुढची पाचेक दशकं जावी लागली.

त्याचं उत्तर मेंदूच्या गाभ्यातल्या थॅलॅमसमध्ये आणि तिथल्या कॅल्शियमच्या दारांत आहे. चेतापेशीच्या बाहेर कॅल्शियमचं प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट असतं. पेशीच्या पातळ आवरणात प्रथिनांची बारीक दारं असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. दार किंचित उघडलं तरी कॅल्शियम आत घुसतं, आणि त्याच्याबरोबर धन विद्युतभारही.

यातल्या 'टी' प्रकारच्या दाराची रीत मला फार विलक्षण वाटते. पेशी जागी, नेहमीच्या कामात असते तेव्हा या दाराला आतून कडी लागलेली असते. पेशीला शांत केलं, म्हणजे तिचा आतला विद्युतदाब आणखी उणे केला, की कडी निघते. मग जरासा धक्का पुरतो. दार उघडतं, कॅल्शियम आत येतं, पेशी संदेशांची एक सर सोडते आणि क्षणात कडी पुन्हा लागते. थॅलॅमसच्या पेशींचं हे दुहेरी वागणं यीनास आणि यानसेन यांनी १९८२ साली दाखवलं.

थॅलॅमसभोवती पेशींचा एक पातळ थर असतो. आतल्या पेशींना गप्प करणं हे त्याचं काम. या थराने गप्प केलं की आतल्या पेशींच्या कड्या निघतात. त्या उसळतात, थराला पुन्हा चेतवतात, थर पुन्हा गप्प करतो. झोपाळ्याला एकदा झोका मिळावा आणि दोघांनी दोन टोकांनी तो चालू ठेवावा, तसं हे चालतं. झोपेत असे ठेके रोज रात्री चालतात आणि त्यात काही वावगं नाही. या फिटमध्ये तीच यंत्रणा जागेपणी ठेका धरते, मेंदूचं बाह्यांगही त्यात ओढलं जातं, आणि बाईंचे शब्द कानावर पडूनही पोचत नाहीत. कोरियातल्या संशोधकांनी २००१ साली उंदरांमधलं टी-चॅनेलचं एक जनुक काढून टाकलं. त्या उंदरांच्या थॅलॅमसमधल्या पेशी अशी सर सोडेनात, आणि औषध देऊन घडवलेल्या या प्रकारच्या फिटलाही ते दाद देईनात.

म्हणूनच 'फिटची गोळी' असं सरसकट काही नसतं. इतर काही फिटांवर चांगली चालणारी कार्बामाझेपिन इथं त्रास वाढवू शकते. टायागाबिन ही फिटची आणखी एक गोळी मेंदूतला शांत करणारा संदेश वाढवते. इथं मात्र शांत करणं म्हणजे कडी काढणं, म्हणून तीही इथं त्रास वाढवू शकते. शेजारच्या मुलाची गोळी आपल्या मुलाला देऊ नका, हे मी कळकळीनं सांगते ते यासाठी.

इथोसक्सिमाइड हे औषध १९६० च्या आसपास वापरात आलं, तेव्हा ते नेमकं काय करतं हे ठाऊक नव्हतं. स्टॅनफर्डच्या कूल्टर, ह्युगनार्ड आणि प्रिन्स यांनी १९८९ मध्ये दाखवलं, की थॅलॅमसच्या पेशींत ते टी-दारांतून येणारा प्रवाह कमी करतं. त्याचा सगळा परिणाम एवढ्यानेच होतो का, यावर अजून वाद आहे.

पालक हमखास विचारतात, मग दूध-नाचणी बंद करायची का? अजिबात नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर काटेकोर सांभाळतं. दोष दारांच्या उघडझापीत आहे, ताटात नाही. उलट रक्तातलं कॅल्शियम फार घसरलं, तर त्यानेच फिट येऊ शकते.

अमेरिकेत ४५३ मुलांवर तीन औषधांची तुलना झाली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. सोळा आठवड्यांनंतर इथोसक्सिमाइड ५३ टक्के मुलांना लागू पडलेलं होतं, व्हॅल्प्रोएट ५८ टक्क्यांना, लॅमोट्रिजिन फक्त २९ टक्क्यांना. पहिल्या दोघांत फारसा फरक नाही. पण संशोधकांनी मुलांचं अवधानही तपासलं, आणि मला हे सर्वांत मोलाचं वाटतं. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या ४९ टक्के मुलांना लक्ष टिकवणं जड जात होतं, इथोसक्सिमाइडवर ३३ टक्के. तेव्हापासून निव्वळ गैरहजेरीच्या फिट असतील, तर पहिली निवड सहसा हेच जुनं औषध असतं. बऱ्याच मुलांच्या या फिट किशोरवयात थांबतात. तोवर वर्गात सांगितलेलं वाक्य वहीत पुरतं उतरायला हवं.