पॉलिथीनची पिशवी, ऊन आणि बंदी

पिशवीबंदीच्या मोहिमेत एक वाक्य हमखास आढळते : प्लास्टिकची पिशवी कुजायला पाचशे वर्षे लागतात. काही फलकांवर हा आकडा चारशे असतो, काहींवर एक हजार. ही पिशवी ज्याची बनते तो पॉलिथीन हा पदार्थ इंग्लंडमधील आयसीआय या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३३ मध्ये अपघाताने तयार झाला, आणि आज बाजारात सर्रास मिळणारी दोन कानांची पिशवी स्वीडनमधील स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी १९६०च्या दशकात आखली. ज्या पदार्थाचे वय अजून शंभर वर्षेही नाही, त्याचे पाचशे वर्षांचे भवितव्य कोणी मोजलेले असणे शक्यच नाही. बंदीची बाजू घेण्यासाठी अशा आकड्याची गरजही नाही. पिशवीचे पुढे काय होते हे ती कुठे पडली आहे यावर ठरते, आणि बंदीचे फायदे-तोटे नीट तोलायचे तर आधी तेच समजून घ्यावे लागते.

पॉलिथीन म्हणजे कार्बनच्या अणूंची लांबच लांब साखळी, आणि प्रत्येक कार्बनला चिकटलेले दोन हायड्रोजन. मेणबत्तीच्या मेणातही हीच साखळी असते, पण ती साधारण वीस ते चाळीस कार्बनांची. पिशवीतील साखळीत ते हजारोंनी असतात. मेणाएवढ्या आखूड साखळ्या काही जिवाणू खाऊ शकतात. हजारो कार्बनांची साखळी मात्र जिवाणूच्या पेशीत शिरूच शकत नाही, आणि ती बाहेरच्या बाहेर कापण्यासाठी जिवाणूंच्या विकरांना (एन्झाइमांना) जो कच्चा सांधा लागतो, तो तिच्यात नाही. म्हणून ही साखळी कापण्याचे पहिले काम जिवाणूंऐवजी सूर्यप्रकाशाला करावे लागते.

इथेच एक गंमत आहे. निव्वळ शुद्ध पॉलिथीन जमिनीवर पोहोचणारे अतिनील किरण शोषतच नाही, त्यामुळे उन्हाचा त्याच्यावर परिणाम व्हायला नको. पण कारखान्यात दाणे वितळवून त्यांचा पातळ पापुद्रा फुगवला जातो, तेव्हा त्या उष्णतेत साखळीवर तुरळक ठिकाणी ऑक्सिजन चिकटतो आणि कार्बोनिल गट तयार होतात. हे गट अतिनील किरण शोषतात. त्या ऊर्जेने एखादा बंध तुटला की मुक्त मूलक, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा अत्यंत चंचल तुकडा, जन्माला येतो. हवेतील ऑक्सिजन त्याला लगेच चिकटतो. तयार झालेला पेरॉक्सी मूलक शेजारच्या साखळीतील हायड्रोजन ओढून घेतो आणि स्वतः हायड्रोपेरॉक्साइड बनून शांत होतो, पण शेजारी नवा मूलक सोडून जातो. पुढे तो हायड्रोपेरॉक्साइडही उन्हाने फुटतो, त्यातून आणखी दोन मूलक निघतात आणि आणखी कार्बोनिल गट तयार होतात, जे पुन्हा किरण शोषतात. म्हणजे ही क्रिया आपले इंधन आपणच तयार करते. सुरुवातीला काहीच घडत नाही असे वाटते, आणि मग वेग वाढत जातो.

आता यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. पिशवीत या साखळ्या सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात. काही ठिकाणी त्या घड्या घालून दाट, नीटनेटके थर रचतात आणि त्या थरांत ऑक्सिजनला शिरकाव नसतो. थरांच्या मधल्या भागात साखळ्या विस्कळीत असतात, आणि त्यांतल्याच काही एका थरातून निघून दुसऱ्यात शिरत दोन्ही थरांना बांधून ठेवतात. ऑक्सिजन या मोकळ्या भागात पोहोचतो, म्हणून आधी तुटतात त्या नेमक्या या बांधणाऱ्या साखळ्या. चुडतांच्या, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांच्या, छपराचा सुंभ कुजला की चुडते धड असूनही छप्पर विस्कटते, तसाच हा प्रकार आहे. एकूण बंधांपैकी अगदी थोडे तुटले तरी पापुद्रा ठिसूळ होतो आणि बोट लावताच तडकतो. त्याचे वजन मात्र जवळजवळ जागच्या जागी असते. पदार्थ नाहीसा झालेला नसतो, त्याचे फक्त बारीक तुकडे झालेले असतात.

यावरून गोव्यातील दोन जागांची तुलना करता येते. मोरजीच्या वाळूवर पडलेल्या पिशवीला भरपूर ऊन आणि भरपूर हवा मिळते. ती तडकते, तिचे कपटे वाळूत मिसळतात आणि पुढे समुद्रात जातात. पणजीतील एखाद्या झाकलेल्या गटारात किंवा खाजनातील (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतातील) मानशीच्या, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, दाराशी चिखलात रुतलेल्या पिशवीला ऊनही मिळत नाही आणि ऑक्सिजनही फारसा मिळत नाही. तिथे वरची साखळी-क्रिया सुरूच होत नाही, आणि पिशवी वर्षानुवर्षे जशीच्या तशी राहून पाणी अडवते. पाचशे वर्षांचा एकच आकडा या दोन्ही ठिकाणांना लावणे निरर्थक आहे.

‘प्लास्टिक खाणारा जिवाणू सापडला, आता चिंता मिटली’ ही बातमीही अधूनमधून फिरत असते. जपानमध्ये ज्याची नोंद २०१६ मध्ये झाली तो जिवाणू पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक, म्हणजे पीईटी, खातो. त्या साखळीत एस्टर बंध असतात आणि ते विकरांना कापता येतात. पॉलिथीनमध्ये ते नाहीत, त्यामुळे पिशवीच्या बाबतीत त्या बातमीचा उपयोग नाही.

बंदीच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा गटारांचाच आहे. बांगलादेशाने २००२ मध्ये पातळ पिशव्यांवर बंदी घातली आणि असे करणारा तो पहिला देश ठरला. १९८८ आणि १९९८च्या पुरांत तुंबलेल्या गटारांचा अनुभव त्यामागे होता. दुसरा मुद्दा गुरांचा. उकिरड्यावर उरलेल्या अन्नासकट गिळलेली पिशवी कोठीपोटात, म्हणजे गुरांच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यात, अडकून बसते, कारण तिथले जिवाणू गवतातील सेल्युलोज पचवतात, पॉलिथीन नव्हे. तिसरा मुद्दा कमी बोलला जातो, पण माझ्या मते तोच निर्णायक आहे. ३० सेंटीमीटर रुंद, ४० सेंटीमीटर उंच आणि २० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड पिशवीचे वजन जेमतेम साडेचार ग्रॅम भरते. एक किलो भंगार जमवायला अशा दोनशेहून अधिक, आणि त्याही स्वच्छ, पिशव्या उचलाव्या लागतात. बाटल्या वेचणारा माणूस या पिशव्यांकडे पाहत नाही, यात नवल ते काय!

आता दुसरी बाजू. इंग्लंडच्या पर्यावरण यंत्रणेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, एकदाच वापरून टाकलेल्या पातळ पिशवीइतका कमी हवामान-परिणाम साधण्यासाठी कागदी पिशवी किमान ३ वेळा, पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लास्टिकची न विणलेली, कापडासारखी दिसणारी पिशवी ११ वेळा आणि सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. कापसाला लागणारे पाणी, खते आणि कारखान्यातील ऊर्जा हे त्याचे कारण. या हिशेबात गटारे आणि गुरे धरलेली नाहीत, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण समारंभात वाटलेल्या सुती पिशव्यांचा ढीग कपाटात पडून राहत असेल, तर पर्यावरणाचे भले झाले असे म्हणता येणार नाही. कॅलिफोर्नियातील बंदीच्या अभ्यासात असेही दिसले, की दुकानातील पिशव्या घटल्यावर लोक कचऱ्याच्या डब्यात घालायला विकतच्या जाड पिशव्या घेऊ लागले, आणि वाचलेल्या प्लास्टिकपैकी जवळपास ३० टक्के असे परत आले.

भारतात ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशवीला मनाई आहे. जाडी सहापट झाली की त्याच मापाच्या पिशवीत प्लास्टिकही सहापट, म्हणजे सुमारे २७ ग्रॅम, भरते. तिला भंगारात किंमत येते, ती वाऱ्याने उडत नाही आणि दुकानदार ती फुकट देत नाही, हे खरे. पण ती सहापेक्षा कमी वेळा वापरून टाकली, तर बंदीमुळे प्लास्टिक वाढलेच. जाडीचा नियम पाळला जातो की नाही हे पाहायला महागडे उपकरण नको. एका मापाच्या दहा पिशव्या किराणा दुकानाच्या तराजूवर ठेवल्या तरी अंदाज येतो.

कापडाच्या दुकानात मिळणाऱ्या रंगीत, खरखरीत पिशव्यांना बरेच जण कापडीच समजतात. त्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. अशा पिशवीचा एक धागा ज्योतीजवळ धरला तर तो राख न होता आक्रसून वितळतो आणि टोकाला मणी धरतो. या प्लास्टिकच्या साखळीत एकाआड एक कार्बनवरचा हायड्रोजन सहज निघणारा असतो, म्हणून वर वर्णिलेली क्रिया त्यात अधिक वेगाने चालते. खिडकीत टांगलेली अशी पिशवी काही काळाने हातात भुगा होऊन येते ती त्यामुळेच, आणि तो भुगा सूक्ष्म प्लास्टिकच असतो. धातूंचे क्षार मिसळून ‘आपोआप विरघळणारी’ म्हणून विकली जाणारी पिशवीही हेच करते, फक्त लवकर. युरोपीय संघाने २०२१ पासून अशा प्लास्टिकवर बंदी घातली आहे.

कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांना भारतीय नियमांत जाडीची अट नाही, मात्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. या पिशव्या खरोखर कुजतात, पण त्यांची चाचणी सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाच्या ढिगात होते. परसातल्या खड्ड्यात तेवढी ऊब टिकत नाही आणि समुद्राच्या पाण्यात तर नाहीच. त्यामुळे अशी पिशवी वेगळी गोळा होऊन मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात पोहोचणार नसेल, तर तिचा फायदा बराचसा कागदावरच राहतो.

मला विचाराल तर पातळ पिशवीवरची बंदी योग्य आहे, पण ती जाडीवर थांबता कामा नये. पिशवीला किंमत लागली पाहिजे. आयर्लंडने २००२ मध्ये बंदीऐवजी प्रत्येक पिशवीवर १५ सेंट कर लावला आणि वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. खरी अडचण उरते ती ओल्या मालाची. बांगडे कागदी पिशवीत घरापर्यंत पोहोचत नाहीत आणि कापडी पिशवीचा वास धुऊन जात नाही. तिथे झाकणाचा डबा हाच व्यवहार्य उपाय आहे, आणि तो घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला बाजारात डब्याचे वजन वजा करून मासळी मिळाली पाहिजे.